इंग्रजीचे पदवीधर आणि त्यांची भाकर

जून महिना उजाडला म्हणजे महाविद्यालयाच्या आवारांत नव्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांची वर्दळ सुरू होते, आणि आम्हां प्राध्यापकमंडळींस वर्षांतून एकदां दुकानदाराची भूमिका वठवावी लागते. "इंग्रजी घेतली तर पुढें काय?" असें कोणी विचारलें, तर त्याचें उत्तर आम्हांस कित्येक वर्षें तोंडपाठ आहे. इंग्रजी ही जगाची खिडकी. तिच्या पदवीधरास शिक्षक होतां येतें, पत्रकार होतां येतें, बँकेंत जातां येतें, स्पर्धापरीक्षा देतां येतात, आणि एम्. ए. होऊन नेट उत्तीर्ण झाल्यास प्राध्यापकही होतां येतें. एवढें ऐकून पालकांचें समाधान होतें, अर्ज भरला जातो, आणि आमच्या विभागाची पटसंख्या टिकून राहते.

गेल्या जूनमध्यें मात्र हें उत्तर आम्हांस फार महाग पडलें. आमच्यापुढें बसलेला पालक आमचाच एक जुना विद्यार्थी होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांतून तो आमच्या वर्गांत आला. त्याच्यासारखा वाचक आम्हांस त्यापूर्वीं व त्यानंतर फारसा भेटला नाहीं. आमच्याच आग्रहानें तो एम्. ए. झाला, दोन वर्षें खपून नेट उत्तीर्ण झाला, आणि तेव्हांपासून आजतागायत निरनिराळ्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवीत आहे. जितके तास घ्यावे तितक्याच तासांचे पैसे. सुटी लागली कीं तेही बंद. आणि पुढील वर्षीं बोलावणें येईलच याची शाश्वती नाहीं. बारावी झालेल्या आपल्या पुतण्यास घेऊन तो आला होता. आम्हीं आमचें नेहमींचें उत्तर पुतण्यास ऐकविलें. काका खालीं मान घालून ऐकत होता. आमचें बोलणें संपल्यावर तो एवढेंच म्हणाला, "सर, हेंच आपण मला सांगितलें होतें."

त्याच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस त्यास कांहीं तरी प्रत्युत्तर देतां आलें असतें. प्रस्तुत लेख हें त्या एका वाक्यास उशिरानें दिलेलें उत्तर आहे, आणि त्यांत आमच्या व्यवसायबंधूंस कांहीं कडू शब्द ऐकावे लागल्यास त्यांतील निम्मे आम्हीं स्वतःस उद्देशून लिहिले आहेत असें त्यांनीं समजावें.

इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीधरानें पोटासाठीं काय करावें, या प्रश्नावर सांप्रत दोन पक्ष आहेत. एकास आपण व्यवहारपक्ष म्हणूं. त्याचें म्हणणें असें कीं, शेक्सपिअर व मिल्टन यांनीं कोणाचें पोट भरत नाहीं. तरी त्यांस निरोप द्यावा आणि त्यांच्या जागीं संभाषणकौशल्य, मुलाखतीचें तंत्र, अर्जलेखन व व्यक्तिमत्त्वविकास हे विषय बसवावे. दुसऱ्यास आत्मानंदपक्ष म्हणतां येईल. त्याचें म्हणणें असें कीं, विद्या ही विद्येसाठींच असते. वाङ्मयाच्या अध्यापकास नोकरीविषयीं विचारणें हें देवळांतील पुजाऱ्यास बाजारभाव विचारण्यासारखें आहे. हे दोन्ही पक्ष एकमेकांस शत्रु मानितात. परंतु विद्यार्थ्याच्या बाजूनें पाहिलें असतां दोघांनींही त्यास सारखेंच वाऱ्यावर सोडलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न मुळांत उत्पन्न कसा झाला, हें थोडें मागें जाऊन पाहिलें पाहिजे. इ. स. १८३५ त मेकॉलेसाहेबांनीं आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें. राज्यकर्ते आणि त्यांची कोट्यवधि प्रजा यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारा एक वर्ग तयार व्हावा, हा त्यांचा हेतु होता, आणि तो सांगून सांगून आतां गुळगुळीत झाला आहे. परंतु त्याच टिपणांत पुढें त्यांनीं असेंही सुचविलें होतें कीं, या वर्गानें देशी भाषा संस्कारून घ्याव्या, त्यांत पाश्चात्य शास्त्रांच्या संज्ञा आणाव्या आणि तें ज्ञान लोकांपर्यंत पोंचवावें. हा उत्तरार्ध आम्ही सोयीस्करपणें विसरलों. मेकॉलेच्या नांवानें बोटें मोडणें सोपें असतें. परंतु ज्या एका कामाची त्यानें अपेक्षा केली होती तें दुभाष्याचें कामसुद्धां आजच्या इंग्रजीच्या पदवीधरास नीट करतां येत नाहीं, ही गोष्ट त्याला शिव्या दिल्यानें झांकली जात नाहीं.

मुंबई विद्यापीठ १८५७ त स्थापन झालें आणि १८६२ त त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. ते अवघे चौघे होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे न्यायासनावर गेले, भांडारकर संस्कृत विद्येकडे वळले, वागळ्यांनीं वकिली पत्करली आणि मोडकांनीं शाळा. चौघांच्या चार वाटा झाल्या, आणि चारींतही इंग्रजीचा उपयोग झाला. पुढें कित्येक दशकें पदवीधर व्हावें आणि सरकारी कचेरींत, कोर्टांत किंवा शाळेंत जाऊन बसावें, असा क्रमच पडून गेला. यांत इंग्रजी वाङ्मयाचा पराक्रम किती होता? फारच थोडा. इंग्रजी जाणणारा दुर्मिळ होता आणि दुर्मिळ वस्तूस किंमत येते, एवढाच त्यांतील अर्थ. आमच्या पूर्वसूरींनीं त्या किमतीचें श्रेय वर्ड्‌स्वर्थला दिलें, आणि आम्हीं तो समज वडिलोपार्जित इस्टेटीप्रमाणें संभाळला.

ती दुर्मिळता आतां उरली नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २००० सालीं पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केली. इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचल्या. दहा वर्षांचें पोर आज जें इंग्रजी बोलतें तें ऐकून आमच्या पिढींतील पदवीधरानें संकोचावें. 'मला इंग्रजी येतें' हें वाक्य कोणे एके काळीं व्यवसायाचें नांव होतें. आज तें 'मला सायकल येते' या वाक्याच्या पंक्तीस जाऊन बसलें आहे. आणि हें ठाऊक असूनही व्यवहारपक्ष विद्यार्थ्यास नेमकें हेंच विकत आहे!

या पक्षाचा समाचार प्रथम घेऊं, कारण सध्यां राज्य त्याचें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आमच्या अभ्यासक्रमांत कौशल्य, श्रेयांक आणि कार्यप्रशिक्षण या शब्दांचा सुकाळ झाला. धोरणाचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. विद्यार्थ्यानें चार भिंतींबाहेर जाऊन काम पाहावें, यांत गैर तें काय? परंतु काम म्हणजे काय हें ठरविण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका विद्यार्थिनीनें आपलें कार्यप्रशिक्षण एका कचेरींत कागदांच्या नकला काढण्यांत घालविलें. तिचे श्रेयांक चोख जमा झाले. संभाषणकौशल्याच्या तासास मुलांना हस्तांदोलन कसें करावें, हंसावें किती, 'तुमचे दोष कोणते' या प्रश्नास आपला एखादा गुणच दोष म्हणून कसा सांगावा, हें शिकविण्यांत येतें. जी विद्या दहा दिवसांत येते ती तीन वर्षें शिकवावयाची, आणि जी यावयास तीन वर्षें लागतात तिला वेळ नाहीं म्हणून निरोप द्यावयाचा, असा हा उफराटा व्यवहार आहे.

शिवाय हा पक्ष ज्या बाजाराच्या नांवानें बोलतो त्या बाजाराकडे तरी तो डोळे उघडून पाहतो काय? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं पुण्यामुंबईस परदेशी गिऱ्हाइकांच्या दूरध्वनींस उत्तरें देणाऱ्या कचेऱ्या निघाल्या, तेव्हां आमचीं शेंकडों मुलें रात्रपाळीस तेथें गेलीं, आणि तेव्हांही 'इंग्रजीच्या विद्यार्थ्यांचें भाग्य उघडलें' असा डांगोरा पिटला गेला. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांसमोर आलें. साधें निर्दोष पत्र, नोकरीचा अर्ज, सभेचा वृत्तांत, जाहिरातीचा मजकूर या गोष्टी तें क्षणार्धांत लिहून देतें. म्हणजे जें कौशल्य शिकविण्यासाठीं आम्हीं शेक्सपिअरला वर्गाबाहेर काढलें, तें शिकून आमचा विद्यार्थी बाहेर पडतो तोंच दाराशीं यंत्र उभें! ज्या कामांत विचार नाहीं तें काम यंत्राकडे प्रथम जातें, हें कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं.

आतां आत्मानंदपक्षाकडे, म्हणजे आमच्या स्वतःच्या घराकडे वळूं. विद्या विद्येसाठीं, हें तत्त्व उदात्त आहे यांत शंका नाहीं. परंतु तें सांगणारा दरमहा वेतन घेतो आणि ऐकणारा बापाची जमीन गहाण टाकून शहरांत राहिलेला असतो, हा भेद त्या तत्त्वांत दिसत नाहीं. आणि आम्ही खरोखर विद्येसाठीं विद्या शिकवितों काय? आमच्या हुशार विद्यार्थ्यापुढें आम्ही एकच वाट ठेवितों: एम्. ए., नेट अथवा सेट, पीएच्. डी., आणि आमच्यासारखें होणें. येथें साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडून पाहा. एका प्राध्यापकाची नोकरी तीस वर्षांची धरा. वर्षास वीस विद्यार्थी त्याच्या हाताखालून एम्. ए. होतात असें समजा. म्हणजे निवृत्त होईपर्यंत त्यानें सहाशें जण तयार केले, आणि मागें जागा ठेविली एक. तीही शासनानें भरली तर! उरलेल्या पांचशें नव्याण्णवांस आपण कशासाठीं तयार केलें, हा प्रश्न त्यास तीस वर्षांत एकदांही पडत नाहीं.

नेट या परीक्षेविषयीं तर विलक्षण गैरसमज आहे. ती पात्रतेची परीक्षा आहे, नेमणुकीची नव्हे. ती उत्तीर्ण झाल्यानें उमेदवारास रांगेंत उभें राहण्याचा हक्क मिळतो, इतकेंच. आणि रांगेचे नियमही स्थिर नाहींत. २०१८ च्या नियमावलीनें विद्यापीठांतील साहाय्यक प्राध्यापकास २०२१ पासून पीएच्. डी. अनिवार्य केली, पुढें ती मुदत २०२३ पर्यंत लांबविली, आणि २०२३ च्या जुलैंत ती अट उठवून नेट-सेट हीच किमान पात्रता ठेविली. या पांच वर्षांत ज्यांनीं केवळ नियमासाठीं प्रबंधांचे डोंगर रचले त्यांस कोणी काय सांगावें? आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रबंधही अर्धा लिहून तसाच पडला आहे.

"टीका पुरे झाली, मग करावें काय तें सांगा," असें वाचक म्हणतील, आणि तें रास्त आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: इंग्रजीच्या पदवीधराचें खरें भांडवल इंग्रजी नव्हे, तर इंग्रजी व मराठी या दोहोंमधील वाट हें आहे, आणि त्या वाटेवरून शब्दाचा नेमका अर्थ न सांडतां नेण्याचें शिक्षण वाङ्मयावांचून मिळत नाहीं. एक उदाहरण देतों. कायद्याच्या इंग्रजींत 'शॅल' आणि 'मे' अशीं दोन लहानशीं क्रियापदें आहेत. पहिल्यानें सामान्यतः कर्तव्य लादलें जातें, दुसऱ्यानें मुभा दिली जाते. गेल्या वर्षीं आम्हीं तृतीय वर्षाच्या वर्गास एक भाडेकरार मराठींत उतरावयास दिला. मुदत संपल्यावर मालकानें अनामत रक्कम परत करावी, असें कलम होतें, आणि तेथें 'शॅल' होतें. 'मालक रक्कम परत करूं शकेल' असें लिहिणारे विद्यार्थी थोडेथोडके निघाले नाहींत. एका क्रियापदाच्या फरकानें भाडेकरूचे पैसे मालकाच्या मर्जीवर गेले! आणि यांतील कित्येकांस संभाषणकौशल्याच्या पत्रिकेंत प्रथम वर्गाचे गुण होते.

असलें काम आहे कोठें, असें कोणी विचारील. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वयें उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें; खालच्या न्यायालयांतील साक्षी व कागदपत्रें मराठींत असतात. प्रकरण वर गेलें कीं तीं इंग्रजींत न्यावीं लागतात, आणि एखाद्या साक्षींतील 'बहुतेक' हा शब्द 'नक्की' झाला तर माणसाच्या स्वातंत्र्याशीं गांठ असते. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ पासून 'सुवास' नांवाचें भाषांतराचें यंत्र वापरावयास घेतलें. परंतु यंत्राचा मसुदा जाणत्या माणसानें तपासल्यावांचून चालत नाहीं. औषधांचीं माहितीपत्रकें, विम्याचे करार, शासनाच्या योजना, पाठ्यपुस्तकें, चित्रपटांखालील संवाद या सर्वांचें मराठी आज कसें असतें तें वाचकांनीं स्वतः वाचून पाहावें. हें दळभद्री मराठी यंत्रानें लिहिलें असो वा माणसानें, तें सुधारणारा कोणी नाहीं. यंत्रानें लेखक स्वस्त केले आहेत. चूक ओळखणारा मात्र त्यामुळें अधिक लागूं लागला आहे.

या कामास पैसे कमी मिळतात, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पानामागें ठरलेली क्षुल्लक रक्कम अनुवादकाच्या हातावर ठेवावयाची आणि त्याचें नांव बारीक अक्षरांत छापावयाचें, अशी रीत आमच्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे, व ती लाजिरवाणी आहे. म्हणूनच केवळ भाषांतरावर संसार होईल असें खोटें आश्वासन आम्ही देणार नाहीं. परंतु हें शिक्षण घेतलेला पदवीधर दुसऱ्या कोणत्याही व्यवसायांत रिकाम्या हातांनीं जात नाहीं. ज्यास वकिलीकडे जावयाचें आहे त्यानें पदवीनंतर तीन वर्षांचा एल्एल्. बी. चा अभ्यासक्रम धरावा. कलम वाचण्याची संवय त्यास आधींच लागलेली असेल. ज्यास शाळेंत जावयाचें आहे त्यास बी. एड्. आतां दोन वर्षांचें आहे, शिक्षक पात्रता परीक्षा आहे, २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आहे, हें आम्हीं प्रवेशाच्या वेळींच सांगावें. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस नव्हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत इंग्रजी वाङ्मय हा ऐच्छिक विषय घेतां येतो हें खरें. पण लक्षावधि उमेदवारांत जागा हजाराच्या आसपास, हेंही त्याच वाक्यांत सांगावें.

व्यवहारपक्ष येथें विचारील, "मग भाडेकरारच शिकवा, शेक्सपिअर कशाला?" याचें उत्तर 'जूलियस सीझर' नाटकांत आहे. अँटनी सीझरच्या प्रेतापाशीं उभा राहून भाषण करतो. ब्रूटस सन्माननीय आहे, असें तो पुनःपुन्हां म्हणतो. शब्द तोच, पण प्रत्येक वेळीं त्याचा अर्थ थोडा सरकतो, आणि शेवटीं जमाव त्याच 'सन्माननीय' माणसाचें घर जाळावयास धांवतो. ज्या विद्यार्थ्यानें हा अर्थ कोठें व कसा उलटला हें ओळीओळींत बोट ठेवून दाखविलें, त्यास निवडणुकीचें भाषण, कंपनीचें माहितीपत्रक किंवा करारांतील गोड कलम सहसा फसवूं शकत नाहीं. करारांत शब्द एकाच पेहरावांत येतो. वाङ्मयांत तो सर्व सोंगें घेऊन येतो. ज्यानें सर्व सोंगें पाहिलीं त्यास एक ओळखणें अवघड नाहीं. परंतु आम्ही शेक्सपिअर तसा शिकवितों काय? आम्ही कथानक सांगतों, टीपा लिहवून घेतों आणि तयार उत्तरांवर गुण देतों. अशा शिकविण्यावर व्यवहारपक्षानें हल्ला केला तर त्याचा पुष्कळसा दोष आमच्याकडे येतो.

मराठींतील आमचे वडीलधारे या बाबतींत आमच्याहून शहाणे होते. आगरकरांनीं 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' १८८३ त प्रसिद्ध केलें. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवीत, आणि त्यांनीं ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र व 'राजा लिअर' मराठींत आणलें. जी. ए. कुलकर्णी धारवाडास इंग्रजीचे अध्यापक होते. त्यांनीं कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठी केल्या. यांपैकीं कोणासही इंग्रजीचा विद्यार्थी होण्यासाठीं मराठी विसरावी लागली नाहीं. आमच्या वर्गांत मात्र मराठीचा शब्द उच्चारणें हा आजही कमीपणा समजला जातो. खेड्यांतून आलेल्या मुलाचें जें एकमेव भांडवल, तेंच आम्ही त्यास दाराबाहेर ठेवून यावयास सांगतों, आणि मग तो रिकामा आहे म्हणून हळहळतों!

तेव्हां आमच्या व्यवसायबंधूंपुढें आम्ही तीन गोष्टी ठेवितों. पहिली: इंग्रजीच्या पदवीस भाषांतराची एक पूर्ण पत्रिका तिन्ही वर्षें असावी, दोन्ही दिशांनीं, आणि यंत्रानें केलेला मसुदा तपासणें हा तिचा भाग असावा. दुसरी: कार्यप्रशिक्षणासाठीं विद्यार्थी पाठवावयाचा तो वकील, प्रकाशक, वृत्तपत्र, ग्रंथालय किंवा शाळा येथें, ज्याच्या हाताखालीं कांहीं शिकतां येईल अशा माणसाकडे पाठवावा, न मिळाल्यास श्रेयांक देऊं नयेत. तिसरी आणि सर्वांत अप्रिय: प्रत्येक विभागानें गेल्या दहा वर्षांतील आपले पदवीधर आज काय करतात याची यादी करून ती प्रवेशाच्या वेळीं सूचनाफलकावर लावावी. ती वाचून कोणी दुसरा विषय घेतल्यास घेऊं द्यावा. खरें सांगून आलेले दहा विद्यार्थी, खोटें ऐकून आलेल्या साठांपेक्षां बरे.

शेवटल्या गोष्टीस आम्हीं स्वतःपासून प्रारंभ केला आहे. त्या पुतण्यास आम्हीं पत्र लिहून वर सांगितलेलें सर्व कळविलें आणि निर्णय त्याच्यावर सोपविला. त्यानें इंग्रजी घेतली, आणि सोबत मराठी घेतली. यादीचें कामही सुरू आहे. पत्ते मिळत नाहींत, कांहीं जण उत्तर देत नाहींत, आणि उत्तर न देण्याचें कारण आम्हांस समजतें. यादींत पहिलें नांव आम्हीं त्याच्या काकाचें घातलें. त्यापुढील 'व्यवसाय' या रकान्यांत काय लिहावें म्हणून आम्हीं त्यासच विचारलें. "तासिका तत्त्वावर, एवढेंच लिहा, सर," तो म्हणाला. आम्हीं तसें लिहिलें आहे. यादी पुरी झाल्यावर ती आहे तशी सूचनाफलकावर लागेल, आणि संपादकांनीं जागा दिल्यास तिचा गोषवारा याच मासिकांतून वाचकांपुढें ठेवूं.